पायांवर पडलेला बोका

"पायांवरच पडला डॉक्टर, आणि स्वतः चालत जाऊन जिन्याखाली बसला," असे सांगत त्या बाईंनी टोपली तपासणीच्या टेबलावर ठेवली, तेव्हा दवाखाना बंद करण्याची वेळ झाली होती. खिडकीबाहेरच्या कबुतरावर झेप घेताना नवव्या मजल्यावरून खाली गेलेला, करड्या पट्ट्यांचा, सुमारे ४ किलो वजनाचा तो बोका टोपलीत गुपचूप बसला होता. सोबत आलेला त्यांचा कॉलेजातला मुलगा तर जवळजवळ निर्धास्त होता, कारण पाचव्या मजल्यापेक्षा नवव्यावरून पडलेल्या मांजराला कमी लागते असे त्याने कुठेतरी वाचले होते. मी एकदा नजरेखालून घालावे आणि त्यांनी बोक्याला घरी न्यावे, एवढीच दोघांची अपेक्षा होती.

अनोळखी टेबलावर ठेवलेला बोका फिस्कारत नाही, निसटायचा प्रयत्नही करत नाही, ही गोष्ट मला कधीच चांगली वाटत नाही. पुढच्या पायांची कोपरे अंगापासून दूर धरून, मान किंचित पुढे काढून तो बसला होता आणि १५ सेकंदांत मी त्याचे १७ श्वास मोजले. म्हणजे मिनिटाला ६८. स्वस्थ बसलेल्या मांजराचे साधारणपणे याच्या निम्मेही नसतात. एका नाकपुडीच्या कडेला वाळलेले रक्त होते, हनुवटीचे कातडे खरचटले होते. छातीच्या वरच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला, तर जिथे श्वासाची सळसळ ऐकू यायला हवी तिथे काहीच ऐकू येत नव्हते.

फुप्फुसाला कुठेतरी चीर पडली की प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा छातीच्या पोकळीत झिरपते आणि फुप्फुसाला फुलायला जागा उरत नाही. अशा जनावराला एक्स-रेसाठी आडवे दाबून धरणे म्हणजे त्याच्या हाती उरलेला श्वासही काढून घेणे. म्हणून निदानाच्या पुराव्याची वाट न पाहता मी त्याला ऑक्सिजन लावला, वेदनाशामक दिले आणि दोन बरगड्यांच्या मधून बारीक सुई आत घातली. २० मिलिलिटरची सिरिंज उजव्या बाजूने सहा वेळा भरली, डाव्या बाजूने दोन वेळा. १६० मिलिलिटर हवा! आठव्या सिरिंजनंतर त्याने पहिल्यांदा डोळे वळवून माझ्याकडे पाहिले, आणि हात लावला तसा फिस्कारला. इतक्या आनंदाने मी कुणाच्या शिव्या क्वचितच खाल्ल्या असतील.

थोड्या वेळाने काढलेल्या एक्स-रेत हृदय छातीच्या मधल्या हाडावर टेकलेले न दिसता त्यापासून किंचित वर उचललेले दिसत होते, म्हणजे थोडी हवा अजून आत होती. फुप्फुसांवर मुक्या माराचे पांढुरके डागही होते. असा मार पहिल्या एक-दोन दिवसांत वाढू शकतो, म्हणून बोक्याला दवाखान्यातच ठेवून घेतले.

ऑक्सिजनच्या पेटीपाशी बसून मुलाने विचारले, "पण तो पायांवर पडला ना?" पडला होता, यात शंका नाही. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला आपण उलटे आहोत हे कळले की मांजर कमरेत वाकते, पुढचे पाय जवळ घेऊन आधी डोके व खांदे फिरवते, त्या वेळी मागचे पाय लांब ठेवते, आणि नंतर याच्या उलट करून मागचे शरीर फिरवून आणते. कशाचाही आधार न घेता हे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये हे छायाचित्रांच्या मालिकेत पकडले, आणि १९६९ मध्ये केन व शेर या संशोधकांनी त्याचे गणित मांडले. मात्र या वळण्याने वेग कमी होत नाही. नऊ मजले म्हणजे अंदाजे २७ मीटर धरले, तर हवेचा विरोध सोडून हिशेब ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास जातो. विरोधामुळे प्रत्यक्ष वेग कमी असतो खरा, पण पाय दुमडून जेवढा धक्का जिरतो त्यानंतरचा उरलेला छाती आणि हनुवटी घेतात.

त्याने वाचले होते तेही निराधार नव्हते. न्यूयॉर्कमधल्या १९८७ च्या अभ्यासात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी होत्या. सात मजल्यांपर्यंत दुखापती वाढत गेल्या होत्या आणि त्यावर कमी झालेल्या दिसल्या. ठरावीक वेग गाठल्यावर मांजर अंग सैल सोडून पाय पसरत असावे, असा त्यावर अंदाज केला गेला. पण त्या नोंदी दवाखान्यात आणलेल्या मांजरांच्या होत्या. "जी जागीच गेली, त्यांना दवाखान्यात कोण आणणार?" असे मी म्हटल्यावर तो बराच वेळ पेटीकडे पाहत राहिला. क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या ११९ मांजरांच्या २००४ च्या अभ्यासात तर सातव्या आणि त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांच्या दुखापती, विशेषतः छातीच्या, अधिक गंभीर आढळल्या होत्या.

मध्यरात्री आणखी ३० मिलिलिटर हवा निघाली, सकाळी सुई घालून पाहिली तर काहीच नाही. लघवी झाली, तिच्यात रक्त नव्हते. मूत्राशय शाबूत असल्याची खात्री सोनोग्राफीने करून घेतली. दुपारी मात्र वाटीतले पाणी प्यायला आणि दोन थेंब नाकातून बाहेर आले. गुंगी देऊन तोंड उघडले, तर टाळूच्या बरोबर मधोमध पुढून मागे गेलेली सरळ चीर होती. हनुवटी आपटली की टाळू असा दुभंगतो. चीर अरुंद होती, म्हणून टाके न घालता नळीवाटे पातळ अन्न देत वाट पाहायचे ठरवले.

तिसऱ्या आठवड्यात बाई त्याला पुन्हा घेऊन आल्या, तेव्हा टाळूवर गुलाबी रेघ तेवढी उरली होती. वाटीभर पाणी पुढे ठेवले. तो सगळे प्यायला, आणि नाक कोरडे राहिले.