के ज्ये आणि झाकणातल्या सोंगट्या

इथे चीनमध्ये वेइछीचा, म्हणजे बाहेर ज्याला ‘गो’ म्हणतात त्या खेळाचा विषय निघाला की के ज्येचं नाव येतंच. जन्म १९९७चा, झेजियांग प्रांतातल्या लीश्वेईचा. २००८ मध्ये व्यावसायिक खेळाडू, २०१५ मध्ये पहिलं जागतिक विजेतेपद आणि नऊ दान, म्हणजे व्यावसायिकांतली सर्वोच्च श्रेणी. २०२० पर्यंत अशी आठ विजेतेपदं. तरी चर्चा होते ती त्याच्या दोन पराभवांची. ते नीट कळायला आधी इथली मोजणी कळायला हवी.

पटावर रेषांचे ३६१ छेदबिंदू, सोंगट्या त्यांवरच मांडायच्या. डाव संपला की मेलेल्या, म्हणजे वाचूच न शकणाऱ्या सोंगट्या उचलायच्या. मग आपल्या जिवंत सोंगट्या अधिक त्यांनी वेढलेली रिकामी जागा, ही आपली बेरीज. पंच सहसा एकाच रंगाचं मोजतात: रिकाम्या जागा दहाच्या पटीत आणायच्या, उरलेल्या सोंगट्या दहा-दहांनी लावायच्या. पहिली चाल काळ्याची, त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला साडेसात गुण. त्यामुळे काळ्याला जिंकायला १८५ भरावे लागतात.

मे २०१७ मध्ये चीनमधल्या वुझेनला अल्फागो या गूगलच्या संगणक प्रोग्रॅमविरुद्धच्या पहिल्या डावात काळ्याने खेळणाऱ्या के ज्येचे १८४ भरले, पांढऱ्याचे १७७ अधिक साडेसात. अर्ध्या गुणाने हार! पण हा अर्धा गुण फसवा आहे. अल्फागो किती फरकाने जिंकायचं ते बघत नसे, जिंकण्याची शक्यता तेवढी बघायचं. पुढे असलं की एखादा गुण सोडून निर्धोक चाल खेळायचं. तिन्ही डाव अल्फागोचेच झाले.

दुसरा पराभव जानेवारी २०२५चा, कोरियात, एलजी चषक या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत कोरियाच्या ब्यून सांग-इलविरुद्ध. चिनी मोजणीत पकडलेल्या सोंगट्यांना काहीच किंमत नाही, त्यामुळे त्या कुठेही ठेवल्या तरी चालतं आणि लहानपणापासून हाताला तेच वळण लागतं. कोरियन मोजणीत मात्र प्रत्येक कैदी सोंगटी म्हणजे एक गुण. समोरच्याला त्या दिसल्या नाहीत तर त्याचा चालू हिशेबच चुकतो. म्हणून त्या वाडग्याच्या झाकणातच ठेवायच्या. तेव्हा चुकलं की दोन गुण दंड होता, आणि त्या वेळच्या नव्या नियमाप्रमाणे एकाच डावात दोनदा चुकलं की डाव जायचा.

पहिला डाव के ज्येने जिंकला होता. दुसऱ्यात हीच चूक दोनदा झाली आणि डाव गेला. तिसऱ्यात पुन्हा दंड झाला. पंचांनी डाव थांबवला ती वेळच चुकीची, असं चिनी बाजूचं म्हणणं. के ज्येने पुढे खेळायला नकार दिला आणि ब्यून विजेता ठरला. चीनच्या वेइछी संघटनेने निकाल स्वीकारला नाही.

आमच्या मते झाकणाचा नियम रास्तच आहे, पण सोंगटी कुठे ठेवली यावरून जागतिक अंतिम फेरीतला अख्खा डाव काढून घेणं अती झालं. नंतर कोरियन संघटनेनेही दोन चुकांवर डाव जाण्याची तरतूद काढून टाकली. चषक मात्र ब्यूनकडेच राहिला.