ट्राइकचे पट्टे सैल का पडत होते: ट्रेलरच्या कामाची पुढची नोंद

माझ्या उघड्या ट्रेलरवर मोटारसायकली आणि ट्राइक (तीन चाकांची मोटारसायकल) पट्ट्यांनी बांधून नेतो; त्यातले मोटारसायकलींच्या बाजूचे काम मागच्या नोंदीतच पूर्ण झाले होते आणि ते अजूनही तितकेच पक्के आहे. पुढचे चाक चॉकमध्ये (चाक अडकवून धरणाऱ्या खोबणीत), खालच्या ट्रिपल क्लॅम्पभोवती (फोर्कचे म्हणजे पुढच्या चाकाचे दोन्ही दांडे पकडणाऱ्या जोडाभोवती) सॉफ्ट लूप म्हणजे मऊ कापडी फासा, तिथून पुढे आणि बाहेर साधारण ४५ अंशांत गेलेले दोन पट्टे, मागे आणखी दोन, साइड स्टँड वर आणि गाडी गिअरमध्ये. एवढ्या बांधणीवर कितीही अंतर गेले तरी थांब्यावर पट्ट्याला हात लावल्यावर निघतानाचाच ताण जाणवतो. ट्राइकने मात्र गेले काही महिने पिच्छा पुरवला होता. निघताना रॅचेटचा (पट्टा आवळणाऱ्या दातेरी खटक्याचा) पुढचा दात चढणार नाही इतके आवळलेले मागचे दोन्ही पट्टे पहिल्या थांब्यापर्यंत लोंबू लागत, पुन्हा आवळले तर पुढच्या थांब्यावर पुन्हा तीच अवस्था. त्याचे कारण अखेर सापडले आहे आणि त्यामुळे बांधणीचा सगळा आराखडाच बदलला आहे.

पहिला संशय साहजिकच पट्ट्यांवर होता. नायलॉनचा पट्टा ताणाखाली बराच लांबतो आणि भिजल्यावर आणखी लांबतो, परंतु माझे पट्टे पॉलिएस्टरचे आहेत आणि ते फारच कमी ताणले जातात. दुसरा संशय रॅचेटच्या दांड्यावर होता, कारण तिथे पट्ट्याचे फार वेढे पडले तर ते प्रवासात एकमेकांवर दबून बसतात आणि तेवढी ढिलाई येते. म्हणून आधी हाताने पट्टा पूर्ण ओढून घेऊन दोन-तीनच वेढे ठेवले. तिसरा संशय डी-रिंगांवर, म्हणजे पट्टे अडकवायच्या फळीवरच्या कड्यांवर होता. त्यांच्या बोल्टखाली लहान वायसर असेल तर ते प्लायवुडमध्ये रुतते, म्हणून खालून पोलादी पट्ट्या टाकून बोल्ट त्यांतून काढले. हे तिन्ही उपाय करण्याजोगेच होते आणि ते तसेच राहतील, पण ढिलाई तसूभरही कमी झाली नाही.

उत्तर मोजपट्टीने दिले. बांधणी झाल्यावर ट्राइकच्या मागच्या चौकटीपासून ट्रेलरच्या फळीपर्यंतची उंची मोजून ठेवली, तीच थांब्यावर पुन्हा मोजली आणि चौकट स्पष्टपणे खाली आलेली दिसली. या ट्राइकला मागे हवेवर चालणारे शॉक आहेत. पट्ट्यांचा अखंड दाब आणि रस्त्याचे हादरे यांखाली त्यांतली हवा हळूहळू कमी होते, चौकट खाली बसते आणि पट्ट्याच्या दोन टोकांमधले अंतर घटते. पट्टा लांबत नव्हताच. शिवाय प्रत्येक खड्ड्यात चौकट क्षणभर आणखी दबते आणि त्या क्षणी उघड्या तोंडाचा हुक कडीतून सहज निसटू शकतो, ही गोष्ट मला सैल पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक गंभीर वाटते.

यातून एक मूळ फरक स्पष्ट झाला. मोटारसायकल स्वतः उभी राहू शकत नाही, म्हणून तिला फोर्कच्या स्प्रिंगविरुद्ध खाली ओढावे लागते, आणि साधारण तिसरा हिस्सा दबलेली तीच स्प्रिंग पट्ट्यांना सतत ताणून धरते. ट्राइक तीन चाकांवर आपोआप उभी असते. तिला खाली दाबण्याची गरजच नाही, फक्त ती पुढे, मागे किंवा बाजूला सरकू नये एवढेच पाहायचे असते. मग चौकट बांधून सस्पेन्शनशी झगडण्याऐवजी चाकेच फळीला बांधावीत आणि वरच्या वजनाला मोकळेपणाने हलू द्यावे, हा मार्ग सरळ ठरतो. मोटारगाड्या वाहून नेणारे अनेक जण हेच करतात.

त्याप्रमाणे मागच्या दोन्ही टायरांवर जाळीदार पट्टे टाकून ते चाकाच्या पुढे आणि मागे नांगरले, तर पुढचे चाक चॉकमध्ये बसवून त्यावरून एक पट्टा घेतला. फरक पहिल्याच खडबडीत रस्त्यावर कळला. मागच्या आरशात ट्राइकची बैठक वरखाली होताना दिसत होती, आणि थांब्यावर तपासले तेव्हा एकाही रॅचेटचा दात पुढे सरकवावा लागला नाही. इतक्या दिवसांनी मिळालेले हे समाधान शब्दांत पुरते मांडता येत नाही. असे पट्टे बसवताना ते ब्रेकच्या नळीला किंवा एबीएसच्या वायरीला घासत नाहीत आणि मडगार्ड खाली आल्यावर रॅचेटवर आपटत नाही, हे प्रत्येक चाकाशी वाकून पाहावे.

साहित्याबद्दल माझे मत ठाम आहे. ज्या पट्ट्यावर कामाचा सुरक्षित भार छापलेला नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुधा तुटण्याचा भार असतो आणि सुरक्षित भार पुष्कळदा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो. युरोपीय मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट बल धरतात. ५०० किलोच्या ट्राइकसाठी जोराच्या ब्रेकमध्ये ते ४०० किलोच्या भाराएवढे होते, आणि पट्टा तिरका असला की त्याच्या क्षमतेचा काही भागच त्या दिशेला कामी येतो. मोटारसायकलीच्या पुढच्या बाजूला मी आजही कॅम बकलच (हाताने ओढून आवळायचे बकल) पसंत करतो, कारण हाताच्या जोराने फोर्क गरजेपेक्षा जास्त दाबला जात नाही. चाकांच्या पट्ट्यांना मात्र रॅचेट हवेच, आणि हुक कुठेही असो, त्याला झडप हवी.

रॅम्पबद्दल थोडक्यात लिहितो. ट्रेलरची फळी ४५ सेंटिमीटर उंच आणि रॅम्प २.४ मीटर लांब असेल तर चढ सुमारे ११ अंश होतो. चाकांच्या आसांमधले अंतर १.७ मीटर आणि पोटाखाली ११.५ सेंटिमीटर जागा असलेली ट्राइक हिशेबाने १५ अंशांपर्यंतचा कोन पार करते, पण स्वार बसल्यावर ती जागा ७.५ सेंटिमीटर झाली की मर्यादा १० अंशांवर येते आणि पोट रॅम्पच्या कडेला टेकते. म्हणून रॅम्पच्या पायथ्याशी जाड फळ्या रचतो आणि ट्राइक रिकामीच विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) वर घेतो.

आता पुढचे काम. पक्क्या डी-रिंगा काढून लांब एल-ट्रॅक (कडी हवी तिथे अडकवता येईल अशी खाचांची पट्टी) बसवायचा विचार ठरलाच होता, कारण चाकांचे पट्टे चाक जिथे येईल तिथेच नांगरावे लागतात. हे लिहीत असताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ट्राइकचे जड टोक मागे असल्याने ओढणाऱ्या गाडीशी असलेल्या ट्रेलरच्या जोडणीवरचा भार कमी होतो, आणि तो एकूण वजनाच्या १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर डोलू लागण्याचा धोका वाढतो. ट्राइक उलटी चढवावी असे क्षणभर वाटले, परंतु मग उघड्या ट्रेलरवर वारा विंडस्क्रीनच्या आणि डिकीच्या झाकणाच्या पाठीमागून शिरेल, म्हणून तो विचार सोडला. त्यापेक्षा चॉकच २० सेंटिमीटर पुढे नेणे सोपे आहे. जोडणी आणि आस यांच्यात ३ मीटर अंतर असेल तर ५०० किलोची ट्राइक तेवढी पुढे सरकवल्याने जोडणीवर सुमारे ३३ किलो वाढतात. त्यासाठी विंच वरच्या खांबावर चढवावा लागेल आणि स्टेपनी बाजूच्या कठड्यावर न्यावी लागेल, त्यामुळे एल-ट्रॅकला भोके पाडण्याआधी चॉक हलवून जोडणीवरचा भार प्रत्यक्ष मोजणार आहे.