जंक मेल बंद होत नाहीत, मग करायचं काय?

जंक मेलबद्दल कुणाशीही बोला, एक प्रश्न हमखास येतो, की अरे पण असल्या फालतू मेलला भुलतं कोण? तर खरं उत्तर असं आहे की जवळजवळ कुणीच नाही, आणि तरीही त्यांचं भागतं. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या बॉटनेटमध्ये, म्हणजे व्हायरस लागलेल्या हजारो कॉम्प्युटर्सच्या जाळ्यात, शिरून हे मोजलं होतं. औषधं विकणारी एक खोटी साइट त्यांनी स्वतः बनवली आणि तिची लिंक त्या जाळ्यातून जाणाऱ्या मेलमध्ये टाकली. मेल गेले जवळपास ३५ कोटी, आणि खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचले किती, तर २८! दुसऱ्या कुठल्याही धंद्याचं यात दिवाळं निघालं असतं, पण इथे मेल दुसऱ्याच्याच मशीनवरून जातोय, पाठवायला खर्च असा नाहीच, त्यामुळे कोटीमागे एखादा अडकला तरी चालतं. म्हणून पाठवणारा कधीतरी कंटाळेल ही आशा सोडा. बिल गेट्सने २००४ मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षात स्पॅमचा, म्हणजे या जंक मेलचा, प्रश्न सुटलेला असेल. बघताय ना किती सुटला ते.

तसा हा प्रकार इंटरनेटपेक्षाही जुना. ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क या मार्केटिंगवाल्याने नवीन कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, साधारण ४०० लोकांना एकदम पाठवली, लोक भडकले, त्याला समज दिली गेली. आणि तरीही १९८२ मध्ये मेल पाठवायची जी पद्धत ठरली, एसएमटीपी, तिच्यात पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच ठेवली नाही. पाकिटाच्या मागे कुणाचंही नाव लिहून पेटीत टाकावं तसं ते आहे. आपल्याच पत्त्यावरून आपल्यालाच मेल येतो तो यामुळेच, त्यासाठी कुणाला आपलं अकाउंट हॅक करावं लागत नाही.

पुढे या भोकाला ठिगळं लावली, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी त्यांची नावं. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेल उघडून मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ दाबलं की हे तिन्ही पास झालेत का फेल ते दिसतं. पण पास म्हणजे माणूस सज्जन असं बिलकुल समजू नका! पास म्हणजे मेल त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे असलेल्या नावावरून, खरोखर आलाय एवढंच, आणि बँकेच्या नावासारखं दिसणारं डोमेन चोरसुद्धा विकत घेऊ शकतो आणि त्याचं एसपीएफ वगैरे अगदी व्यवस्थित लावू शकतो. त्यामुळे नाव वाचू नका, @ च्या पुढचा भाग शेवटपर्यंत वाचा, मोबाइलवर तर नावावर टॅप केल्याशिवाय तो दिसतच नाही बऱ्याचदा.

आता अनसबस्क्राइब. यावर लोक दोन टोकाचं बोलतात, कुणी म्हणतं दाबायचंच नाही कुणी म्हणतं प्रत्येक मेलला दाबा. माझं म्हणणं साधं आहे, ज्या कंपनीकडे आपण स्वतः कधीतरी नोंदणी केली होती तिथे बिनधास्त दाबा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांसाठी (जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५००० च्या वर) नियम कडक केलेत, जाहिरातीच्या मेलला एका क्लिकवर बाहेर पडायची सोय द्यावीच लागते. आणि ते बटण मेलच्या आतलं न वापरता वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसतं ते वापरा. पण जो मेल कुठून टपकलाय तेच कळत नाही त्यातली कुठलीच लिंक दाबू नका, कारण त्याच्या दृष्टीने तुमचा क्लिक म्हणजे ‘हा पत्ता चालू आहे’ अशी पावती. त्याला नुसतं डिलीटही करू नका, ‘रिपोर्ट स्पॅम’ करा, फिल्टर त्यातूनच शिकतो. आणि उलटंही करा, कामाचा मेल स्पॅममध्ये पडला असेल तर ‘नॉट स्पॅम’ सांगा. हे कुणी करत नाही आणि मग ओटीपी आलाच नाही म्हणून ओरडत बसतात.

पावतीवरून आठवलं, नुसता मेल उघडला तरी पावती जाऊ शकते. मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र असतं, ते सर्व्हरवरून लोड झालं की तुम्ही मेल कधी उघडला ते तिकडे कळतं. सेटिंगमध्ये जाऊन बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नका हा पर्याय निवडला की हे थांबतं, मेल जरा ओकेबोके दिसतात पण चालतं की.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक पत्ता कुठे देतो याने पडतो. बँक, सरकारी कामं आणि जवळची माणसं यांच्यासाठी एक पत्ता, आणि बाकी सगळ्या कूपन, ॲप, स्पर्धांसाठी दुसरा. जीमेलमध्ये पत्त्यातल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह (+) लावून काहीही शब्द जोडला तरी मेल तुम्हालाच येतो, मग कुठून पत्ता फुटला ते कळतं. अर्थात हुशार स्पॅमर तो शब्द छाटून टाकतात आणि काही फॉर्म ते चिन्ह घेतच नाहीत, त्यामुळे मला वेगळा पत्ताच बरा वाटतो.

आणि एक तो धमकीवाला मेल, ‘तुझा कॅमेरा आमच्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठव’, वर तुमचा खरा पासवर्ड लिहिलेला. घाम फुटतो, साहजिक आहे. पण तो पासवर्ड बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटच्या जुन्या डेटाचोरीतून आलेला असतो, कॅमेऱ्याचा काही संबंध नसतो, तोच मजकूर लाखोंना गेलेला असतो. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला पत्ता टाकून कुठल्या चोरीत सापडला ते बघता येतं. पैसे नाही, उत्तर नाही, तो पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे आजच बदला, टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खूणही मागणारं) चालू करा आणि मेल स्पॅममध्ये ढकला.