प्लास्टर निघालं एकदाचं
सहा आठवड्यांनी आज लेकाचं प्लास्टर निघालं. परळला हॉस्पिटलात सकाळपासून नंबर लावून बसलो आणि ती प्लास्टर कापायची मशीन घर्र करायला लागली तसं पोरगं किंचाळलंच, अरे ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही, सांगून सांगून घसा बसला माझा. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या दोषाने स्नायू आखडतात त्यामुळे, हा कायम चवड्यांवर चालायचा, म्हणून ऑपरेशन करून टाचेमागची शीर लांब केली, गुडघ्यामागचे स्नायूपण, दोन्ही पाय एकाच भुलीत. मूळ दोष मेंदूत, तो तसाच राहणार, उंची वाढेल तसं परत आखडू शकतं, म्हणून फिजिओचे व्यायाम आणि स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारा पट्टा, सोडायचं नाही हे डॉक्टरांनी आधीच बजावलंय. पाय काय बारीक झालेत बाई! दादरच्या पुलावर कडेवर घेऊन चढताना माझी कंबर गेली ते वेगळंच. घरी आल्यावर धरून उभा केला, टाचा टेकल्या, तर म्हणतो, "आई, लादी गार आहे."