पेटतो आणि विझतो

सोमवारी सकाळी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पोचलो तर कापड सुकवण्याच्या खोलीचा डक्ट फर्नेस, म्हणजे डक्टमधली हवा गॅसवर तापवणारी भट्टी, रुसलेला. ब्लोअर सुरू, ठिणगी पडते, ज्योत लागते आणि तीन-चार सेकंदांत गॅसचा व्हॉल्व्ह खटकन बंद. तीनदा तसं झालं की कंट्रोलर लॉकआउटला, म्हणजे रीसेट दाबेपर्यंत सगळं बंद. हेल्पर पुन्हा रीसेट दाबायला निघाला. "अरे थांब की, आधी बघू दे!" मी इथल्या मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात वाढलेला, चिडलो की मराठीतच चिडतो. पोरगा गुजराती, पण आता त्याला सगळं कळतं.

पेटून विझतोय, म्हणजे गॅस येतोय, ठिणगीही ठीक. ज्योत लागलीय हे कंट्रोलरलाच कळत नाहीये. संशय फ्लेम रॉडवर, म्हणजे ज्योत ओळखणाऱ्या सळईवर. ज्योतीतून रॉड ते बर्नर जेमतेम काही मायक्रोअँपियर प्रवाह जातो, सगळा कारभार तेवढ्यावर. मेन स्विच, गॅसचा कॉक बंद करून रॉड काढला. टोकावर पांढरट थर, नखाने खरवडला तरी निघेना. स्टीलवुलने हलकेच घासला, कोरड्या फडक्याने पुसला. चिनी मातीच्या भागाला तडा नव्हता, नशीब. अर्थिंगची तार ढिली होती, तीही आवळली.

पेटला. ज्योत निळी, स्थिर. चहा मागवला.

चहा संपायच्या आत जास्त तापलं की गॅस तोडणाऱ्या हाय लिमिट स्विचने फर्नेस पुन्हा बंद पाडला. हवा कमी पडली की ज्योतीची उष्णता हवेला देणारा हीट एक्स्चेंजर नको तेवढा तापतो. फिल्टर उघडला, तर त्यावर तंतूंची अक्षरशः गोधडी. रजिस्टरमध्ये मात्र "फिल्टर साफ केला", तारीख गेल्याच आठवड्यातली. कोणी लिहिलं ते विचारलं नाही. अक्षर ओळखतो मी.