शिवरीच्या पुढे

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात घरी सांगितलं, मी नॉन-बायनरी आहे. ना मुलगा, ना मुलगी. बाबांनी एवढंच विचारलं, "लोकांना काय सांगायचं?" आणि बॅग दाराबाहेर ठेवली. आईने अडवलं नाही. मैत्रिणीच्या घरच्यांनी मला ठेवून घेतलं आणि ज्येष्ठात त्यांच्या दिंडीत माझीही भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाणाचे पैसे, भरली.

आळंदी, पुणे पावसातच गेलं. दिवे घाटात सगळे माऊलींच्या रथाकडे बघत होते, मला फक्त टाच कळत होती. सासवडला कीर्तनात संन्याशाच्या पोरांची कथा निघाली. लहानपणापासून ऐकलेली, पण त्या रात्री ऐकवेना. आळंदीने वाळीत टाकलेली चार भावंडं. त्यांतले सोपानकाका इथेच समाधीत, आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीतून निघालेल्या. पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी शिवरी मागे पडली आणि माझ्याने पाऊल टाकवेना. डांबर तापलेलं, तळव्याला रुपयाएवढा फोड. दिंडीतल्या परभणीकडच्या एका आजींनी डोक्यावरची तुळस दुसरीच्या हाती दिली आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. बटव्यातून सुई काढली, दोरा खोबरेलात भिजवला आणि फोडाच्या आरपार ओवला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "पाणी दोऱ्यानं झिरपंल. कातडं सोलू नको, लेकरा." तेवढ्यात एका टाळकऱ्याने परत तेच विचारलं, पोरगा की पोरगी? आजींनी मान वर केली नाही. "तुला का सोयरीक जुळवायचीय? चल, पुढं हो."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं आणि दुसरा पाय बघायला घेतला.

रात्री पथारी कुठे टाकायची हा रोजचा घोर. एक राहुटी बायकांची, एक पुरुषांची. माझी जागा सामानाच्या ट्रकपाशी, ताडपत्रीखाली. वाल्ह्याला आजी आपलं अंथरूण उचलून तिथेच आल्या. त्या जोरात घोरायच्या. झोप लागावी तोच काकड्याची वेळ व्हायची आणि माझं डोकं फिरायचं. मग थंड पाण्याने अंघोळ, टाळ सुरू, आणि राग कुठल्या कुठे. नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, फलटण, सगळं आता एकमेकांत मिसळलंय. वेळापूरच्या पुढे आजी दमल्या तेव्हा तुळस माझ्या डोक्यावर आली. कुणी काही बोललं नाही.

वाखरीहून आईला फोन लावला, उचलला नाही. आजींनी त्यांच्या फोनवरून लावला. "तुमचं लेकरू माझ्यापाशी हाय. जेवलंय. पाय बी बरा हाय." पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग फोन कट. आजी भडकल्या, पंढरपूर येईपर्यंत आईला बोल लावत राहिल्या. ते मला आवडलं नाही, तसं मी सांगितलंही. त्या गप्प झाल्या.

चंद्रभागेत बुडी मारून वर आल्यावर त्यांनी केस पिळत विचारलं, "दिवाळीला येशील का आमच्याकडं? कापूस वेचायला माणूस लागतंय." परभणीच्या गाडीची वेळ मी विचारून ठेवलीय.