बोटांखाली दडलेला चतुर

मुठीतली बांबूची बोटभर खुंटी काढली की जपानी तलवार पूर्ण सुटी होते. गेल्या महिन्यात ओकायामा शहरातील एका वृद्ध संग्राहकांच्या घरी मी हे प्रथमच जवळून पाहिले. परिसरातील सगळे त्यांना आदराने ‘सेन्सेई’ म्हणतात. त्यांनी आधी तलवारीसमोर वाकून नमस्कार केला, एका लहान हातोडीने ती खुंटी, म्हणजे ‘मेकुगी’, बाहेर ढकलली आणि मूठ, तिच्या तोंडाचे कडे, पात्याआडची तबकडी व तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या एकेक करून जांभळ्या रेशमी कापडावर मांडल्या. खोलीत लवंगेचा मंद वास पसरला होता, कारण पात्याला गंज चढू नये म्हणून लावायच्या तेलाला येथे लवंगेचा सुगंध असतो. पाते उघडे असताना कोणीही बोलायचे नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते, कारण थुंकीचा एखादा कणही पोलादाला डाग पाडतो.

ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, आणि येथून लोकलने साधारण अर्ध्या तासावर असलेले ओसाफुने हे कित्येक शतके तलवारींचे गाव होते. तेथील संग्रहालयाच्या आवारात आजही भट्टी पेटते. शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे लोहवाळू आणि कोळसा सलग तीन दिवस-रात्र जाळून ‘तामाहागाने’ हे पोलाद काढतात. लोहार ते घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकतो, पात्यावर मातीचा लेप कमी-जास्त जाडीचा देतो आणि तापवून पाण्यात बुडवतो. धारेजवळची धुक्यासारखी पांढरी रेषा आणि पात्याचा बाक या एकाच क्षणी ठरतात. पात्याविषयी याहून अधिक लिहीत नाही, कारण त्याचे कौतुक सर्वत्र वाचायला मिळते. माझे मन मात्र त्या दिवशी कापडावर मांडलेल्या लहान वस्तूंमध्येच गुंतून राहिले.

सेन्सेईंच्या तलवारीची तबकडी, म्हणजे ‘त्सुबा’, साध्या लोखंडाची आहे. तिच्यावर बोरूची तीन-चार पाने आणि एक चतुर कोरलेला आहे. आपल्याकडे पावसानंतर मुले ज्याच्या मागे धावतात, तोच हा चतुर. जपानी योद्ध्यांनी त्याला ‘काचीमुशी’, म्हणजे विजयाचा कीटक, असे नाव दिले होते, कारण तो पुढेच झेपावतो, मागे सरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याचा मान मात्र त्याहून जुना आहे. ‘कोजिकी’ या प्राचीन ग्रंथात युर्याकू सम्राटाच्या दंडाला गोमाशी चावते आणि एक चतुर झडप घालून तिला उचलून नेतो, अशी कथा आहे. ‘आकित्सुशिमा’, म्हणजे चतुरांचे बेट, हे जपानचे एक जुने नावच आहे.

मुठीच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्याच्या विणीखाली, सोन्याचा मुलामा दिलेले आणखी दोन चतुर आहेत. या नक्षीच्या तुकड्यांना ‘मेनुकी’ म्हणतात. लाकडी मुठीवर आधी पाकट माशाचे खरखरीत, दाणेदार कातडे चढवतात, त्यावर मेनुकी ठेवतात आणि मग रेशमी फीत आडवीतिडवी घट्ट गुंडाळतात. त्यामुळे नक्षीचा बराचसा भाग फितीखाली जातो. चौकटीच्या फटींतून एखादा पंख, एखादा डोळा एवढेच दिसते. मूठ धरणाऱ्याच्या बोटांना मात्र त्याचा उंचवटा सतत जाणवत राहतो. समोरच्याला तबकडी दिसते, पण मेनुकी ही खरे तर ज्याची तलवार, त्याच्या एकट्याची खूण असते. इतके बारीक काम जाणूनबुजून झाकायचे, या विचारानेच मी हरखून गेले.

ही कला काही घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांपैकी गोतो घराणे सर्वांत प्रतिष्ठित मानले जाते. त्याचा मूळ पुरुष गोतो युजो पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा या शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, पदरी होता. या घराण्याचे आवडते माध्यम म्हणजे ‘शाकुदो’, तांब्यात थोडेसे सोने मिसळून केलेला धातू. भट्टीतून निघताना तो तांब्यासारखाच दिसतो. किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून विशिष्ट क्षारांच्या द्रावणात उकळला की त्याच्यावर निळसर झाक असलेला गर्द काळा रंग चढतो. बिदरच्या किल्ल्यातील माती लावून काळी केलेली बिदरी भांडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या काळ्या रंगाची कल्पना लगेच येईल. या पृष्ठावर माशाच्या अंड्यांसारखे एकसारखे, अगदी बारीक गोल ठसे ओळीने उठवतात. त्याला ‘नानाको’ म्हणतात. सेन्सेईंच्या मुठीच्या तोंडाशी असलेले कडे याच पद्धतीचे आहे. भिंगातून पाहिले तरी मला एकही ओळ वाकडी दिसली नाही.

पात्यावर, मुठीच्या थोडे वर, एक अक्षर कोरलेले आहे. सेन्सेईंनी ते बोटाने न दाखवता नुसत्या नजरेने दाखवले. ते सिद्धम् लिपीतील ‘हां’ होते, फुदो म्योओ या देवतेचे, म्हणजे आपल्या संस्कृत परंपरेतील अचलाचे, बीजाक्षर. कुकाई हा भिक्षू चीनमधून इ. स. ८०६ मध्ये परतला, त्याच्यासारख्या साधकांमुळे ही भारतीय अक्षरे जपानच्या मंत्रमार्गात रुजली आणि पुढे तलवारींवरही उमटली. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्यांना ते अक्षर थेट ओळखू येत नाही, पण त्याच्या डोक्यावरचा चंद्रबिंदू पाहताच माझ्या अंगावर शहारा आला.

१८७६ च्या फर्मानाने, सैनिक-पोलिसांसारखे अपवाद वगळता, कमरेला तलवार लावून हिंडणे बंद झाले आणि हा साज घडवणाऱ्यांचे काम एका फटक्यात गेले. कानो नात्सुओ याच्यासारखा कारागीर नव्या सरकारच्या नाण्यांच्या नक्षीकडे वळला होता. अनेकांनी परदेशी ग्राहकांसाठी फुलदाण्या घडवल्या. आज परवानाधारक लोहारालाही महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात आणि प्रत्येक पात्याबरोबर नोंदणीपत्र असावे लागते. लोहार, पाते उजळणारा, म्यान करणारा, मूठ बांधणारा आणि धातूवर कोरणारा, असे वेगवेगळे हात एका तलवारीला लागतात. त्यांपैकी पात्यावर सही करतो तो लोहार, आणि ती सहीसुद्धा मुठीच्या आत झाकलेली असते.

सेन्सेईंनी सगळे भाग पुन्हा जागेवर बसवले, मुठीच्या टोकाला तळहाताने हलकेच थाप दिली आणि मेकुगी आत सरकवली. फितीचा रेशीम एका जागी विरला आहे, म्हणून पुढच्या वसंतात ते मूठ नव्याने बांधायला देणार आहेत. जुनी फीत उलगडेल त्या दिवशी मी यावे, असे त्यांनी सुचवले. ते दोन चतुर अख्खे कसे दिसतात हे त्यांनी स्वतःही एकदाच पाहिले आहे, चाळीस वर्षांपूर्वी, वडिलांच्या शेजारी बसून.